एका हाकेचा विमानप्रवास

एका जंगलात, मुलांनो, सगळं काही हाकेच्या अंतरावर होतं.

म्हणजे कसं? एकाने इकडून हाक मारायची. तिकडून कुणी ‘काय रे?’ म्हणालं की तिथे एक हाक संपली. तिथून पुढे दुसरी सुरू. पाणवठा दीड हाक, मोठं वारूळ दोन हाका, राजाचा माळ तीन हाका. घसा बसलेल्याला जंगल जरा मोठं पडायचं, एवढीच काय ती गैरसोय होती.

या जंगलात दोन गावं होती. एक उंबरठाण आणि दुसरं जांभूळपाडा. मध्ये एक ओढा. ओढ्याला पाणी किती? बेडूक बसला तर ओला, उभा राहिला तर कोरडा. या गावापासून त्या गावापर्यंत बरोबर एक हाक.

उंबरठाणात द्वारकाबाई नावाची साळू राहत असे. साळू म्हणजे साळिंदर. अंगभर काटे असतात ना, ती. स्वभावाने मात्र अगदी मऊ. ओढ्यापलीकडे जांभूळपाड्यात तिचा धाकटा भाऊ भिकाजी बायकोसह राहत असे. द्वारकाबाई चुलीवर भात चढवायच्या, ओढा ओलांडून भावाकडे जायच्या, त्याची खुशाली विचारायच्या, भावजयीच्या आमटीला नावं ठेवायच्या आणि भात शिजायच्या आत घरी परत यायच्या.

असं किती वर्षं चाललं होतं कोण जाणे. कुणी मोजलं नव्हतं, कारण त्यात मोजण्यासारखं काही नव्हतं.

या जंगलाचा राजा होता एक गवा. गवेराय महाराज. देह भला थोरला, शिंगं त्याहून मोठी, आणि उरलेल्या जागेत डोकं. एकदा तो दुसऱ्या जंगलात पाहुणा म्हणून गेला. तिथे त्याने विमानतळ पाहिला. परत आला तो रुसूनच. गवत खाईना, पाणी पिईना.

“आपल्याकडे विमानतळ का नाही?” त्याने दरबारात विचारलं.

“कारण आपल्याकडे विमान नाही, महाराज,” टिटवी म्हणाली. टिटवी दरबारात नवी होती. तिला अजून खरं बोलायची सवय होती.

“विमान नंतर बघू. आधी विमानतळ बांधा.”

“एकाने भागणार नाही, महाराज. एका विमानतळावरून उडालं तर उतरायचं कुठे?”

राजाने बराच विचार केला. मग म्हणाला, “दोन बांधा. आणि तू त्यांची मुख्य अधिकारी.”

त्या दिवसापासून टिटवीने खरं बोलणं कमी केलं.

मोजणीदार म्हणून एका खेकड्याला नेमलं. खेकडा फार प्रामाणिक होता. लिहून दिलेल्या शब्दाबाहेर तो एक नांगीभरही सरकत नसे. तो आधी उंबरठाणात गेला.

“तुमच्या गावाला विमानतळ हवा का?”

“हवा तर! आम्ही काय कुणापेक्षा कमी आहोत?”

“कुठे हवा?”

“पलीकडे कुठेतरी करा बुवा. इथे गावात कटकट नको.”

खेकड्याने वहीत लिहिलं, ‘पलीकडे.’ मग तो ओढा ओलांडून जांभूळपाड्याला गेला. तिथेही तोच प्रश्न, तिथेही तेच उत्तर. “विमानतळ पाहिजेच. पण पलीकडे करा. धूळ उडते.”

खेकड्याने तेही लिहून घेतलं. मग तो उंबरठाणात उभा राहिला आणि पलीकडे पाहिलं. पलीकडे काय होतं? ओढा होता. ओढ्यानंतर जांभूळपाडा होता. जांभूळपाड्याच्याही मागे, दीड हाकेवर, मोकळा माळ होता. तिथे त्याने उंबरठाणचा विमानतळ बांधला. मग तो जांभूळपाड्यात उभा राहिला आणि तिथून पलीकडे पाहिलं. ओढा, मग उंबरठाण, आणि उंबरठाणच्या मागे दीड हाकेवर दुसरा माळ. तिथे जांभूळपाड्याचा विमानतळ झाला.

तुमच्या लक्षात आलं का? नसेल तर पाटीवर काढून बघा. उंबरठाणचा विमानतळ जांभूळपाड्याच्या मागे, आणि जांभूळपाड्याचा विमानतळ उंबरठाणच्या मागे. गावकऱ्यांनी थोडी आरडाओरड केली. खेकड्याने वही दाखवली. शब्द त्यांचाच होता, तेव्हा सगळे गप्प बसले.

दोन्ही विमानतळांवर पाट्या लागल्या. ‘उंबरठाण ते जांभूळपाडा. हवाई अंतर चार हाका. प्रवासाचा वेळ एक पान खाईपर्यंत.’

उद्घाटनाला राजा स्वतः आला. म्हणाला, “माझ्या आधी या दोन गावांत फक्त एक हाक अंतर होतं. मी ते चारवर नेलं. अजूनही वाढवता येईल, पण तुमचं सहकार्य पाहिजे.”

टाळ्या पडल्या. टाळ्या पडायच्याच, राजा होता तो.

विमान म्हणजे काय होतं? वेताचं मोठं डालगं होतं. चार कोपऱ्यांना चार गिधाडं. गिधाडं प्रवाशांशी फार अदबीने वागत. आजारी प्रवाशांशी तर जरा जास्तच.

आता गंमत अशी झाली की पहिले आठ दिवस विमानात कुणी बसलंच नाही. बसतील कशाला? ज्याला पलीकडे जायचं तो ओढा ओलांडून जायचा. रिकामं डालगं इकडून तिकडे जात राहिलं. गिधाडं वाळू लागली. टिटवी राजाकडे गेली.

“महाराज, लोक चालताहेत.”

“बघवत नाही मला,” राजा म्हणाला. “बंद करा.”

म्हणून फर्मान निघालं. या गावाहून त्या गावाला जायचं तर विमानानेच जायचं. ओढा पायी ओलांडायचा तो फक्त विमानतळावर जाण्यासाठी, नाहीतर विमानतळावरून येण्यासाठी. ओढ्यावर एक मुंगूस पहारेकरी बसला.

आता हिशेब करा. उंबरठाणच्या माणसाला जांभूळपाड्याला जायचंय. आधी ओढा ओलांडायचा, म्हणजे एक हाक. जांभूळपाड्यातून सरळ पुढे जायचं, दीड हाक. तिथे विमानात बसायचं. विमान चार हाका मागे आणणार. उतरल्यावर दीड हाक चालून आपल्याच गावात यायचं आणि तिथून ओढा ओलांडून पुन्हा जांभूळपाडा. झाल्या किती? नऊ हाका! एका हाकेच्या कामाला नऊ हाका. आणि पान चघळायला तेवढंच मिळायचं, एक.

लोकांनी काय केलं? लोकांनी सवय करून घेतली. पण एका बाबतीत फार पंचाईत होऊ लागली, ती म्हणजे बारशाची.

बाळाच्या कानात नाव कोण सांगतं? आत्या! आईने पोटात वाढवलं, बापाने रात्री जागवल्या, पण नावाचा मान आत्याचा. का, ते विचारायचं नाही. आत्या वाकते, बाळाच्या कानाशी तोंड नेऊन ‘कुर्र’ करते आणि नाव सांगते. मग बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. साळूंमध्ये धपाट्यांची चाल फार पूर्वीच बंद पडली होती. कारण तुमच्या लक्षात आलं असेलच.

तर आत्या राहणार पलीकडच्या गावात, आणि पलीकडून येणार विमानाने. बाराव्या दिवसाचं बारसं, आत्या उगवायची तेराव्याला, चौदाव्याला. दोन्ही गावांत बिननावाची पोरं साठू लागली. तेव्हा राजाने मोठ्या मनाने दुसरं फर्मान काढलं. बाराव्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत ज्या पोराला नाव मिळणार नाही, त्याला राजाचं नाव मिळेल.

त्या हंगामात जंगलात सव्वीस गवेराय झाले. त्यांत एक कासव होतं, दोन पाकोळ्या होत्या आणि बाकी बहुतेक बेडूक. पुढे ही पोरं शाळेत गेल्यावर गुरुजींनी हजेरी घेताना ‘गवेराय’ म्हटलं की अख्खा वर्ग ‘हजर’ म्हणून ओरडायचा. मग गुरुजी वही मिटायचे.

आणि अशा दिवसांत भिकाजीला मुलगी झाली.

द्वारकाबाईंची द्वारकाआत्या झाली. बातमी ऐकताच त्या धावत ओढ्यापर्यंत गेल्या आणि मुंगसाने अडवल्यावर तिथेच काठावर बसून हमसून हमसून रडल्या. आनंदानेच, पण मुंगसाला वाटलं आपल्यामुळे, म्हणून त्याने पाठ फिरवली. पलीकडून भिकाजीने ओरडून सांगितलं, “ताई, काटे आहेत, पण अगदी मऊ!”

साळूच्या पिलाचे काटे जन्मतः मऊच असतात, रेशमाच्या गोंड्यासारखे. द्वारकाआत्यांना तिथल्या तिथे नाव सुचलं. मखमल. साळूची मखमल! ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. नाव आधी फोडायचं नसतं. चूल फुंकताना, पाणी भरताना त्या ते ओठांतल्या ओठांत म्हणत आणि एकट्याच हसत. आपल्या भावाच्या लेकीला मखमल म्हणायचं, गवेराय नाही, एवढंच त्यांनी मनाशी धरलं होतं.

आदल्या दिवशीच निघायचं त्यांनी ठरवलं होतं. पण आदल्या दिवशी विमान नव्हतं. गिधाडांना बाहेर कुठे जेवण होतं.

शेवटी बारावा दिवस उजाडला. द्वारकाआत्यांनी अंघोळ केली, नवं लुगडं नेसलं, बाळासाठी शिवलेली कुंची घेतली आणि पळसाच्या पानाचं तिकीट कमरेला खोचलं. ओढ्यावर मुंगूस उभा होता.

“कुठे निघालात, बाई?”

“भावाकडे.”

“भावाकडे जायला मनाई आहे.”

“बरं, विमानतळावर निघाले.”

“विमानतळावर असेल तर खुशाल जा. रस्ता तुमच्या भावाच्या दारावरूनच आहे. पण वळायचं नाही. मी बरोबर येतो.”

दोघं ओढा ओलांडून जांभूळपाड्यात आली. भिकाजी अंगणात तोरण बांधत होता. बहिणीला बघून त्याने तोरण सोडून दिलं.

“ताई! आलीस?”

“नाही रे,” द्वारकाआत्या म्हणाल्या. “अजून निघालेय.”

आतून भावजय अनसूया धावत आली. हातात पळी तशीच होती. “वन्सं, आत या ना! पाळणा बांधलाय. घुगऱ्या शिजल्यात. दोन मिनिटांचं काम आहे, कानात सांगून मोकळ्या व्हा.”

द्वारकाआत्यांनी दारातून आत पाहिलं. पाळण्यातून इवलासा पाय वर आला, हवेत हलला आणि खाली गेला. त्यांचं पाऊल उंबऱ्याकडे वळलं. मुंगूस आडवा आला.

“बाईंना थांबवू नका. बाई उंबरठाणात आहेत.”

“अहो, समोर उभ्या आहेत की!” अनसूया म्हणाली.

“दिसताहेत इथे. आहेत उंबरठाणात. तिकीट बघा.”

पाळण्याशेजारी नोंदणीचा कारकून सरडा वही उघडून बसला होता. कुणी नाव सांगतंय का, सूर्य मावळतोय का, या दोन्हींकडे लक्ष ठेवायचं त्याचं काम. त्यानेही मान हलवली. “जी आत्या अजून गावात पोचलेली नाही, तिने सांगितलेलं नाव धरत नाहीत,” तो म्हणाला.

“मग कधी पोचेन मी?”

“ते टिटवीबाई सांगतील. त्या ‘पोचले’ म्हणून ओरडल्या की आम्ही पोचल्या असं लिहितो.”

काय करणार? द्वारकाआत्या पुढे निघाल्या. मागे बघायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, आणि सात वेळा मागे पाहिलं.

विमानतळावर टिटवी एका दगडावर उभी होती.

“वेळेवर आलात,” ती म्हणाली. “विमान संध्याकाळी आहे.”

“संध्याकाळी? मग सकाळी का बोलावलं?”

“मोठमोठ्या विमानतळांवर असंच करतात. लवकर बोलावलं की प्रवासाला निघाल्यासारखं वाटतं.”

“अहो पण इथून भावाचं घर दिसतंय! हे बघा, तो धूर दिसतोय ना, ती त्याची चूल. मी चालत गेले तर भात शिजायच्या आत पोचेन.”

“पोचाल हो,” टिटवी म्हणाली. “पण कुठून आलात म्हणून सांगाल?”

 मग तपासणी सुरू झाली. विमानात टोकदार वस्तू न्यायला बंदी होती. टिटवीने द्वारकाआत्यांना पुढून पाहिलं, मागून पाहिलं.

“हे सगळं काढून ठेवा.”

“हे निघत नाही. ही मीच आहे.”

बरीच चर्चा झाली. शेवटी असं ठरलं की प्रत्येक काट्याच्या टोकाला एकेक कच्चं बोर खोचायचं. टिटवीने आपल्या दोन पोरींना कामाला लावलं. सकाळची दुपार झाली. दुपार कलली. द्वारकाआत्या बोराटीसारख्या दिसू लागल्या. दीड हाकेवरून बारशाला जमलेल्या बायकांच्या गाण्याचा आवाज येत होता. एक गाणं संपलं, दुसरं सुरू झालं. मग गाणी संपली असावीत, कारण त्याच पुन्हा पहिलं म्हणू लागल्या. द्वारकाआत्यांना कळलं, त्या आपल्यासाठी वेळ काढताहेत. त्यांना भरून आलं. डोळे पुसायला गेल्या तर गालावर बोर घासलं.

ऊन तांबूस झालं तेव्हा गिधाडं आली. डालग्यात द्वारकाआत्या बसल्या आणि शेजारी एक म्हातारा ससा येऊन बसला. त्याला खोकला झाला होता. तो खोकला की चारही गिधाडं एकदम वळून विचारायची, “फार त्रास होतोय का? अजून नाही ना?” ससा घाईघाईने म्हणायचा, “छे छे, अगदी ठणठणीत!”

गिधाडांनी पंख पसरले. डालगं जमिनीवरून वीतभर उचललं गेलं. तेवढ्यात टिटवी दगडावर उभी राहून सगळ्या जंगलाला ऐकू जाईल अशी ओरडली, “पोचले! पोचले! पोचले!”

“अहो, काय सांगताय?” द्वारकाआत्या वरून म्हणाल्या. “आत्ताच तर निघतोय!”

“आमची विमानं वेळेवर पोचतात, बाई,” टिटवी म्हणाली. “उडाल्यावर वाटेत काय होईल त्याचा काय भरवसा? म्हणून आम्ही ती आधीच पोचवतो.”

डालगं वर चढलं. वर गेल्यावर द्वारकाआत्यांना सगळं जंगल दिसलं. समोर जांभूळपाडा, मग दोऱ्याएवढा ओढा, त्याच्यापुढे त्यांचं उंबरठाण. सगळं किती जवळ जवळ होतं! एका फडक्यात बांधता आलं असतं. पलीकडच्या डोंगराला सूर्य टेकला होता.

खाली भावाचं अंगण आलं. भिकाजी बाळाला दोन्ही हातांत धरून उभा होता. शेजारी अनसूया. सरड्याची लेखणी वहीवर टेकली होती आणि मान डोंगराकडे होती.

“ताई!” भिकाजीने जिवाच्या आकांताने हाक मारली.

इथे, मुलांनो, नीट ऐका. द्वारकाआत्यांच्या ओठांवर ‘मखमल’ होतं. बारा दिवस ते दुसरीकडे कुठे गेलंच नव्हतं. पण त्यांचा सगळा जन्म घरकामात गेला होता. हात पिठात असोत, चूल विझत आलेली असो, बाहेरून कुणी हाक मारली की त्यांच्या तोंडून एकच शब्द निघायचा. त्याला विचार लागत नसे. विचार करायला वेळच कुठे असायचा?

“आलेच!” द्वारकाआत्या ओरडल्या.

आणि लगेच स्वतःच्याच तोंडावर हात मारला. “मखमल!” त्यांनी डालग्याबाहेर वाकून हाका मारल्या. “मखमल रे! भिका, मखमल!” पण नेमका ससा खोकला. गिधाडांनी माना वळवल्या, डालगं कललं आणि अंगण मागे पडलं. ‘मखमल’ ऐकू आलं ते उंबरठाणात. तिथे कुणाचंच बारसं नव्हतं.

विमान उतरलं. द्वारकाआत्या धावत सुटल्या. आपल्याच गावात शिरल्या. आपल्याच घरावरून जाताना शेजारीण ओट्यावरून म्हणाली, “आलात का जाऊन?”

“नाही हो, जातेय अजून.”

ओढा ओलांडताना त्या स्वतःची समजूत घालत होत्या. एवढ्या मोठ्याने ओरडलो, एखादी तरी मखमल खाली पोचली असेल. वारा काही सगळंच नेत नाही.

भावाच्या दारात पोचल्या तेव्हा दिवे लागले होते. सरडा निघून गेला होता. आतून अनसूयेचा आवाज आला, “आलेच, आलेच गं.”

भावजय कामात असेल, येईलच आता, म्हणून द्वारकाआत्या अंगणात बसल्या. थोडा वेळ गेला. पुन्हा आतून, “आलेच, आलेच!” पण कुणी बाहेर येईना. द्वारकाआत्या थोड्या रागावल्या. सकाळपासून बाहेर आहोत, कुणी पाणी तरी विचारावं!

शेवटी भिकाजी बाहेर आला. त्याचं तोंड एवढंसं झालं होतं.

“ताई, नाव छान आहे हं,” तो म्हणाला. “जरा वेगळं आहे. पण आता नवीन नवीन नावं ठेवतातच.”

“ऐकू आलं तुम्हाला?”

“अगदी स्वच्छ. टिटवी ‘पोचले’ म्हणाली, म्हणजे तू पोचलीस. पोचलेल्या आत्याच्या तोंडून निघालेला पहिला शब्द तेच नाव. सरड्याने लिहून घेतलं. सूर्य बुडायला इतकासा राहिला होता बघ.”

“काय लिहिलं त्याने?”

“आलेच.”

द्वारकाआत्यांनी कपाळावर हात मारून घेतला.  त्यांना रडू आलं, हसू आलं, टिटवीचा राग आला, खेकड्याचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःच्या तोंडाचा आला.

“खोडता येत नाही का?”

“येतं. आत्याने स्वतः कचेरीत जायला हवं.”

“कुठे आहे कचेरी?”

“पलीकडे,” म्हणत भिकाजीने वर आकाशाकडे बोट दाखवलं.

द्वारकाआत्या उठून आत गेल्या. पाळण्याशी वाकल्या. लेक जागीच होती. त्यांनी तिला कुंची घातली, तिच्या पाठीवरून हात फिरवला. काटे खरंच मऊ होते. कानाशी तोंड नेऊन त्यांनी ‘कुर्र’ केलं आणि नाव सांगितलं, मखमल. वहीत नसलं तरी कानात तर गेलं. लेकीने जांभई दिली.

आणि अनसूयेने मागून आत्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला! काट्यांच्या टोकांना बोरं होती ना. मग शेजारणींनीही हौस भागवून घेतली. साळूंच्या सात पिढ्यांत कुणाला मिळाले नव्हते तेवढे धपाटे द्वारकाआत्यांना त्या संध्याकाळी मिळाले. पाठ दुखत होती आणि त्या हसत होत्या.

द्वारकाआत्या परत उंबरठाणला गेल्या नाहीत. परत जायचं म्हणजे पुन्हा नऊ हाका. भावाकडेच राहिल्या. आमटीला नावं ठेवायची सोयही आता घरातच झाली.

पोरगी मोठी झाली आहे. गुणी आहे, चुणचुणीत आहे. शाळेत सगळे गवेराय एकदम हजर होतात, तेव्हा वेगळं नाव असलेली ती एकटीच. फक्त घरात थोडा घोटाळा होतो. सकाळी आई चुलीपाशी बसून हाक मारते, “आलेच!” पोरगी ओढ्यावरून उत्तर देते, “आलेच!” दारातल्या पाहुण्यांना वाटतं, दोघीही निघाल्या. पाहुणे वाट बघत बसतात. चुलीपाशी आई बसलेली असते, ओढ्यात पोरगी खेळत असते, आणि कुणीही कुठेही येत नाही.

तात्पर्य: विमानतळ नेहमी पलीकडेच बांधावा. त्यामुळे विमान आपल्या माणसांच्या घरावरून जातं, आणि पोचता आलं नाही तरी निदान ओरडता येतं.